कोरी जागा तरी ठेवा

प्रति,
ॲपल आणि गूगल यांची ॲप स्टोअर चालवणाऱ्या अधिकाऱ्यांस,

स. न. वि. वि.

पत्र मराठीत लिहितो आहे. भाषांतराचं यंत्र तुमच्याकडेच आहे, तेव्हा अडचण येऊ नये.

मी गिरगावातला. उभा जन्म छापखान्यात गेला. आधी जुळारी म्हणून खिळे, म्हणजे शिशाचे टाइप, जुळवले, ऑफसेट आल्यावर प्रुफं वाचली, आता घरी बसून नातीच्या निबंधातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढतो. २०२३ च्या एप्रिलात ॲपलचे टिम कुक वांद्रे-कुर्ला संकुलातलं दुकान उघडायला मुंबईत आले आणि माधुरी दीक्षितसोबत त्यांनी वडापाव खाल्ला. तो फोटो तुमच्यापेक्षा आमच्याकडे जास्त फिरला असेल. नातीने हट्ट धरला म्हणून मीही ते दुकान बघून आलो. छान आहे. चहूकडे काच, गार हवा, हात लावला तरी कोणी हटकत नाही. मला बोलायचंय ते मात्र तुमच्या दुसऱ्या दुकानाबद्दल, जे फोनच्या आत असतं.

त्याआधी आमच्या छापखान्यातली एक गोष्ट सांगतो. थोडी लांबेल.

१९७५ साली मी बाविशीत होतो. आमच्याकडे लग्नपत्रिका, बिलबुकं, गणेशोत्सव मंडळांची पावतीपुस्तकं असलं काम चाले. दोन ट्रेडल मशीनं, चार जुळारी आणि मालक. जूनअखेर आणीबाणी आली तेव्हा आम्हाला वाटलं, ही भानगड वर्तमानपत्रवाल्यांची, आपल्याला काय. मग सप्टेंबरात सरकारने वटहुकूम काढून किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणला. दिवाळी तोंडावर, आणि आमच्यापासून हाकेच्या अंतरावर अख्खं गिरणगाव. लालबागच्या एका गिरणीतले एक गृहस्थ बोनसबद्दलचं पत्रक घेऊन आले. एका पानाचा मजकूर, शिवीगाळ नाही, नुसता हिशेब. मालकांनी आगाऊ पैसे घेतले आणि मी जुळवायला बसलो.

अर्धं पान जुळवून झालं असेल. संध्याकाळी साध्या कपड्यातला एक पोलीस आला. त्याने मालकांकडे छापखान्याचं डिक्लेरेशन मागितलं. (१८६७ च्या कायद्याप्रमाणे छापखाना ठेवणाऱ्याने मॅजिस्ट्रेटपुढे तसं जाहीर करावं लागे, आणि छापलेल्या प्रत्येक कागदावर मुद्रकाचं नाव-ठिकाण घालावं लागे.) कागद बघितला, परत दिला, चहा घेतला. मुलं किती, कुठल्या शाळेत जातात, हेही विचारलं. पत्रकाचं नावही काढलं नाही आणि निघून गेला. मालक माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाले, "सोड रे ते." मी जुळवलेल्या ओळी मोडल्या आणि एकेक खिळा परत आपापल्या खणात टाकला. जुळवायला लागतो त्याहून मोडायला कमी वेळ लागतो.

दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ आले. मालकांनी आगाऊ घेतलेले पैसे त्यांच्या हातावर ठेवले आणि म्हणाले, "टाइप कमी पडतोय हो."

तुमच्या दुकानात एखादं ॲप शोधावं आणि 'हे ॲप तुमच्या देशात किंवा प्रदेशात उपलब्ध नाही' असं उत्तर यावं, की मला आमचे मालक आठवतात. टाइप कमी पडतोय हो.

त्यांना भित्रे म्हणायला माझी जीभ वळत नाही. तीन मुलं होती, मशीनवर कर्ज होतं. आणि त्या पोलिसाला, म्हणजे त्याच्या वरच्यांना, नेमकं ठाऊक होतं की लिहिणाऱ्याच्या मागे धावण्यात अर्थ नाही. लिहिणारे ढीगभर असतात आणि त्यांना पकडलं तर ते मोठे होतात. छापखाना एका जागी असतो, त्याला पत्ता असतो, घरदार असतं. पुढच्याच वर्षी 'आक्षेपार्ह' मजकुराचा कायदा आला, त्यात छापखान्यांकडून अनामत मागायची आणि ती जप्त करायची सोयच करून ठेवली होती. इंग्रजांच्या १९१० च्या कायद्यातही हेच होतं.

आता मॉस्कोकडे बघा. २०२१ च्या सप्टेंबरात रशियात संसदेची निवडणूक होती. अलेक्सी नवाल्नी तुरुंगात होते, पण त्यांच्या माणसांनी एक ॲप काढलं होतं. तुमच्या मतदारसंघात सत्ताधारी पक्षाला पाडू शकेल असा उमेदवार कोण, एवढंच ते सांगे. १७ सप्टेंबरला, मतदानाच्या पहिल्याच दिवशी सकाळी, ते तुम्हा दोघांच्याही दुकानातून गेलं. त्याआधी गूगलच्या मॉस्को कार्यालयात सरकारी अंमलबजावणीवाले जाऊन बसले होते आणि तिथल्या कर्मचाऱ्यांवर फौजदारी खटले भरू अशा धमक्या आल्या होत्या, हे जगभरच्या वर्तमानपत्रांत आलं. त्याच उन्हाळ्यात रशियाने कायदा केला होता की मोठ्या परदेशी इंटरनेट कंपन्यांनी आमच्या देशात कार्यालय उघडलंच पाहिजे. कशासाठी, ते सप्टेंबरात कळलं. पत्ता हवा होता. मुलं कुठल्या शाळेत जातात, ते विचारायला.

त्या कर्मचाऱ्यांच्या जागी माझी मुलगी असती तर मीही म्हणालो असतो, काढून टाका ते ॲप. हे आधीच कबूल करतो, म्हणजे पुढचं बोलायला मोकळा होतो.

फरक एवढाच की आमच्या त्या गृहस्थांनी कागद घडी करून खिशात घातला आणि ते खेतवाडीच्या बाजूला चालते झाले. तेव्हा गिरगाव ते खेतवाडी पट्ट्यात दर गल्लीला छापखाना होता. एक नाही म्हणाला तर दुसरा, तोही नाही म्हणाला तर कुणाच्या तरी माळ्यावर सायक्लोस्टाइल. धनत्रयोदशीला ते परत आले आणि त्यांनी माझ्या हातात छापलेलं पत्रक ठेवलं. मी सवयीने आधी खाली बघितलं. मुद्रकाची ओळ नव्हती.

मॉस्कोतल्या माणसाने दुसऱ्या कुठल्या गल्लीत जायचं? अँड्रॉइडवाल्याला निदान बाहेरून ॲप आणून बसवता येत होतं. आयफोनवाल्याला तीही सोय नव्हती. साऱ्या जगाला मिळून छापखाने दोनच, आणि त्यातल्या एकाने तर ठरवून टाकलेलं की आपल्या कागदावर दुसऱ्या कुणी छापायचंच नाही. माझी मुख्य तक्रार ही आहे. तुम्ही कधी वाकलात त्याहून, तुम्ही वाकलात की सगळंच वाकतं अशी व्यवस्था तुम्ही स्वतःच्या हाताने उभी केलीत, याची.

२०१९ च्या ऑक्टोबरात हाँगकाँगमध्ये निदर्शनं चालू असताना पोलीस कुठे उभे आहेत, अश्रुधूर कुठे सोडलाय, हे नकाशावर दाखवणारं एक ॲप होतं, एचकेमॅप. ॲपलने आधी नाकारलं, मग घेतलं, मग चिनी कम्युनिस्ट पक्षाच्या मुखपत्राने डोळे वटारल्यावर दोन दिवसांत काढलं. त्याच नकाशाची वेबसाइट मात्र चालू राहिली, कारण वेबसाइटला तुमची परवानगी लागत नाही. मला यातून फार काही कळलं, जे कुठल्या व्याख्यानातून कळलं नसतं.

चीनबद्दल मला घरातूनच माहिती मिळते. मुलगी नोकरीनिमित्त दोन वर्षं शांघायला होती. जाण्यापूर्वी तिच्या मैत्रिणींनी एकच ताकीद दिली होती, व्हीपीएन (सरकारने अडवलेल्या साइट उघडून देणारं ॲप) मुंबईतूनच टाकून जा, तिथे उतरल्यावर मिळणार नाही. बरोबरच होतं. २०१७ या एकाच वर्षात तिथल्या दुकानातून ६७४ व्हीपीएन ॲप काढल्याचं ॲपलने स्वतः अमेरिकी सिनेटरांना लिहून दिलं आहे. 'न्यूयॉर्क टाइम्स'चं ॲप त्याआधीच गेलं होतं. २०२४ च्या एप्रिलात व्हॉट्सॲपही तिथल्या दुकानातून गेलं. आमचं रात्रीचं बोलणं त्या व्हीपीएनच्या मर्जीवर चाले. कधी चेहरा दिसे आणि आवाज नसे, कधी आवाज येई आणि चेहरा तोंड अर्धं उघडं ठेवून थिजलेला. तिची आई त्या थिजलेल्या चेहऱ्याशीही बोलत राहायची. जेवलीस का, वगैरे.

आणखी एक बारकी गोष्ट, जी मला ६७४ पेक्षा जास्त खुपली. २०२२ च्या ऑक्टोबरात बीजिंगच्या एका पुलावर कुणीतरी शी जिनपिंग यांच्याविरुद्ध फलक लावले. त्या फलकांचे फोटो लोक मेट्रोत वगैरे एअरड्रॉपने, म्हणजे एका आयफोनवरून जवळच्या दुसऱ्यावर थेट फाइल धाडायच्या सोयीने, अनोळखी फोनांवर पाठवू लागले. एअरड्रॉपला इंटरनेट लागत नाही, म्हणजे सेन्सॉर मध्ये बसूच शकत नाही. नोव्हेंबरात चीनमधल्या आयफोनांना नवं सॉफ्टवेअर आलं आणि 'सर्वांकडून घ्या' ही सोय दहा मिनिटांत आपोआप बंद होऊ लागली. पुढे ती मर्यादा जगभर लागू केली आणि कारण सांगितलं, नकोशा फायलींचा त्रास. असेलही. पण सुरुवात चीनपासून, आणि तीही त्या महिन्यात? इतके योगायोग आमच्या मराठी मालिकांतही नसतात.

आता आमच्या घराकडे. तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्याला चीन-रशिया दिसतं, भारत दिसत नाही का? दिसतो.

२०१२ च्या नोव्हेंबरात बाळासाहेब ठाकरे गेले, मुंबई बंद राहिली, आणि पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या चार ओळींसाठी अटक झाली. एकीने लिहिलं होतं, दुसरीने नुसतं लाइक केलं होतं. त्यावरून जी याचिका झाली तिच्यात २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ रद्द केलं. आम्ही पेढे वाटले. पण त्याच निकालात कलम ६९अ टिकलं, ज्याखाली सरकार संकेतस्थळं आणि ॲप बंद करू शकतं, आणि त्याच्या नियमांत हे सगळं गोपनीय ठेवायचं असंही आहे. २०२० च्या जूनमध्ये टिकटॉकसह ५९ चिनी ॲप या कलमाखाली गेली तेव्हा आमच्या वाडीत टाळ्या वाजल्या. खोटं कशाला बोलू, मीही वाजवल्या. गलवानला आपली वीस माणसं मारली गेली होती. २०२३ च्या मे महिन्यात जम्मू-काश्मीरचं कारण देऊन चौदा मेसेंजर ॲप बंद झाली. त्यात ब्रायर होतं, जे इंटरनेट बंद असलं तरी ब्लूटूथवर चालतं. तेव्हा टाळ्या वाजल्या नाहीत, कारण कुणाला कळलंच नाही. २०२५ च्या जानेवारीत काही व्हीपीएन ॲप आपल्या दुकानांतून गेली, त्यात क्लाउडफ्लेअरचं १.१.१.१ सुद्धा. तेही मला मुलीकडून कळलं. तिला सवय झाली आहे, असल्या बातम्यांवर लक्ष ठेवायची.

आणि अमेरिका? तुमचं माहेर? २०२५ च्या ऑक्टोबरात तिथल्या न्याय खात्याने मागणी केली आणि इमिग्रेशनवाले कुठे आलेत ते सांगणारं आइसब्लॉक ॲप ॲपलने काढलं. हाँगकाँगचाच नकाशा, नुसतं गाव बदललं. कुलूप एकदा बनवलं की किल्ली कुठल्याही सरकारच्या हातात बसते.

तुमचं ठरलेलं उत्तर मला पाठ आहे: ज्या देशात धंदा करतो तिथला कायदा पाळतो. ठीक. पण कायदा पाळणं म्हणजे काय, याबद्दल मुंबईचं म्हणणं थोडं वेगळं आहे.

आणीबाणीतच मिनू मसानींच्या 'फ्रीडम फर्स्ट' या मुंबईतल्या छोट्या मासिकाचा मजकूर सेन्सॉरने अडवला. मसानी गुपचूप छापून मोकळे झाले नाहीत आणि 'टाइप कमी पडतोय' असंही म्हणाले नाहीत. ते उच्च न्यायालयात गेले. १९७६ च्या फेब्रुवारीत, ऐन आणीबाणीत, न्यायमूर्ती मादन आणि कानिया यांनी सांगितलं की सगळ्या नियतकालिकांना एका सुरात गायला लावणं हे सेन्सॉरचं कामच नव्हे. मसानी जिंकले. हाही कायदा पाळणंच झालं. चीन-रशियात असं न्यायालय नाही, मान्य. इथे आहे ना? ओव्हल मैदानासमोर उभं आहे, तुमच्या दुकानापासून टॅक्सीने तासाभरात याल, कलानगरच्या सिग्नलला अडकलात तर दीड तास. सरकारबद्दलची कुठली माहिती खोटी ते सरकारनेच ठरवायचं, असा नियम २०२३ मध्ये आला तेव्हा त्या इमारतीत कोण गेलं? विनोद सांगून पोट भरणारे कुणाल कामरा गेले, संपादकांची संघटना गेली, आणि २०२४ च्या सप्टेंबरात नियम रद्द करून घेतला. तुमच्यापैकी कोणी नव्हतं.

कोर्टाची पायरी तुम्ही चढत नाही असं नाही. स्पर्धा आयोगाने २०२२ मध्ये १,३३७.७६ कोटींचा दंड केला तेव्हा गूगल अपील न्यायाधिकरणात आणि तिथून थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. दंड जगभरच्या उलाढालीवर मोजायच्या नियमाविरुद्ध ॲपलने दिल्लीचं उच्च न्यायालय गाठलं. वकील आहेत, पैसा आहे, वाट माहीत आहे. धंद्याला धक्का लागला की कायदा म्हणजे लढायची जागा, आणि माणसाच्या तोंडाला कुलूप लागलं की कायदा म्हणजे पाळायची गोष्ट?

२०२५ च्या डिसेंबरात एक गंमत झाली, ती विसरू नका. प्रत्येक नव्या फोनमध्ये दूरसंचार खात्याचं संचार साथी ॲप आधीपासून घातलंच पाहिजे असा सरकारी आदेश बाहेर आला. ॲपल ऐकणार नाही अशा बातम्या आल्या, लोकांनीही आरडाओरडा केला, आणि दोन-तीन दिवसांत सरकारने सक्ती मागे घेतली. आकाश कोसळलं नाही. वांद्र्याचं दुकानही दुसऱ्या दिवशी वेळेवर उघडलं.

१९४२ चाही एक दाखला देतो. टिळकांचा सगळेच देतात, म्हणून तो टाळतो. गवालिया टँकच्या सभेनंतर पुढारी तुरुंगात गेले आणि उषा मेहता नावाच्या बावीस वर्षांच्या मुलीने मुंबईतून गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला, ४२.३४ मीटरवर. जागा बदलत बदलत नोव्हेंबरपर्यंत तग धरला, मग सगळे पकडले गेले, उषा मेहतांना चार वर्षांची शिक्षा झाली. त्या खटल्यात आरोपींच्या पिंजऱ्यात नानक मोटवाने हेही होते. शिकागो रेडिओचे मालक, लाउडस्पीकरचा धंदा. यंत्रसामग्रीला हातभार लावल्याचा आरोप. पुढे ते सुटले. मोटवाने यांना तोटा समजत नव्हता असं नाही. यंत्र विकणाऱ्यापुढेही निवड असते एवढंच मला त्यात दिसतं, आणि तुमच्या तुलनेत त्यांचं दुकान पानाच्या गादीएवढं होतं.

तुम्ही आणखी एक गोष्ट म्हणाल, आणि ती खरी आहे: दार उघडलं की चोर येतात. आमच्या वाडीतल्या एका काकांना व्हॉट्सॲपवर आरटीओच्या चलानाची फाइल आली. त्यांच्याकडे स्कूटरही नाही. तरी त्यांनी ती उघडली, फोनमध्ये ॲप बसलं आणि पेन्शनचं खातं रिकामं झालं. तेव्हा कुलूप नकोच असं मी म्हणणार नाही. कुलूप हवं, पण किल्ली घरमालकाकडे हवी. मोठ्या अक्षरांत, मराठीत ताकीद द्या, दोनदा विचारा, एक दिवस थांबायला लावा. त्यानंतरही माणूस हो म्हणाला तर त्याचा फोन त्याला वापरू द्या. युरोपात कायद्याने कान धरल्यावर ॲपलने २०२४ च्या मार्चपासून दुसरी दुकानं चालू दिलीच की. आणि गूगलने नेमकी उलटी वाट धरू नये. बाहेरून येणाऱ्या ॲपच्या कर्त्यानेही आधी तुमच्याकडे ओळखपत्रासह नोंद करायची, अशी जी योजना तुम्ही २०२५ च्या ऑगस्टमध्ये जाहीर केलीत, ती वाचताना मला आमच्या मालकांचं डिक्लेरेशन आठवलं. ओरड झाल्यावर जाणकारांसाठी एक वाट ठेवू म्हणालात. ती वाट खरोखर चालण्याजोगी ठेवा. छापखान्याच्या डिक्लेरेशनची अट आमच्या सरकारने २०२३ च्या नव्या कायद्यात काढून टाकली. सरकारने सोडलेलं जोखड तुम्ही कशाला उचलता?

हे सगळं जमणार नसेल तर शेवटची, अगदी छोटी मागणी. आणीबाणी लागल्यावर 'इंडियन एक्सप्रेस'ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली होती. आम्ही जुळारी लोक त्या कोऱ्या चौकटीकडे बघत बसलो होतो. न छापलेलं इतकं वाचलं गेल्याचं मी पुन्हा बघितलं नाही. तुम्ही ॲप काढता तेव्हा जागा कोरी राहत नाही. शेजारची ॲप सरकून जागा भरून टाकतात, आणि तिथे काही होतं हेच कळत नाही. वर्षाकाठी तुम्ही अहवाल काढता. २०२२ मध्ये सरकारांच्या सांगण्यावरून ॲपलने १,४७४ ॲप काढली, पैकी १,४३५ चीनमध्ये. आकडे आहेत, नावं नाहीत. आमच्याकडे वर्गणीच्या अहवालात अकरा रुपये देणाऱ्याचंही नाव छापतात.

तर त्या जागी पाटी लावा. ॲपचं नाव, काढल्याची तारीख, कुणाच्या आदेशावरून, कुठल्या कलमाखाली, आणि दाद मागायची तर कुठे. 'कायदेशीर कारणामुळे दाखवता येत नाही' यासाठी वेबवर ४५१ हा क्रमांकसुद्धा २०१५ पासून ठरलेला आहे. नवं काही शोधायचं नाही. पाटी लावायलाही एखाद्या सरकारने मनाई केली, तर निदान चौकट रिकामी ठेवा. आम्ही वाचू.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त जुळारी
गिरगाव, मुंबई

ता. क. मुलगी पुढच्या महिन्यात पुन्हा शांघायला निघाली आहे, सहा महिन्यांसाठी. काल रात्री जेवणं झाल्यावर बसून तिने फोनमध्ये तीन वेगवेगळी व्हीपीएन टाकून घेतली. एक बंद पडलं तर दुसरं. आईने विचारलं, "आणि तिन्ही बंद पडली तर?" ती म्हणाली, "मग पत्र लिहीन."